‘ड्यू’ कसा वाचायचा, कसा लिहायचा: कार्डाच्या बिलापासून रजेच्या अर्जापर्यंत

‘हप्ता ड्यू झालाय’, ‘गाडीची सर्व्हिसिंग ड्यू आहे’, ‘त्याचं प्रमोशन ड्यू होतं’ अशी वाक्यं आपण मराठीतही सहज बोलतो. शब्द इतका ओळखीचा आहे की तो कोशात बघावा असं कोणाला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात. क्रेडिट कार्डाच्या बिलावरची ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ भरून निर्धास्त होणारे लोक आहेत. ‘द मीटिंग इज ड्यू टू स्टार्ट ॲट इलेव्हन’ या वाक्यात ‘सुरू झाल्यामुळे’ असा अर्थ शोधणारे विद्यार्थी आहेत. आणि रजेच्या अर्जात ‘ड्यू टू आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर’ लिहिणारे तर प्रत्येक कचेरीत भेटतात.

या चुकांचं मूळ एकच आहे. वाचणाऱ्याने ‘ड्यू’चा एक अर्थ मनात पक्का केलेला असतो, बहुतेक वेळा ‘बाकी’ नाहीतर ‘मुळे’, आणि तोच तो सगळीकडे लावत जातो. या विशेषणाचा अर्थ त्याच्या शेजारी कोण बसलंय त्यावरून ठरतो. म्हणून वाचताना आधी शेजार बघायचा, मग अर्थ लावायचा. लिहिताना उलट: आधी आपल्या मनातला मराठी अर्थ पक्का करायचा, मग इंग्रजी रचना निवडायची. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळून थेट लिहायला बसलात तर जुन्या सवयी परत येतील.

## टप्पा १: तयारी

घरात किंवा कामाच्या ठिकाणी ‘ड्यू’ हा शब्द असलेले खरे कागद गोळा करा. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, विम्याच्या हप्त्याची सूचना, सोसायटीचं मेंटेनन्स बिल, ऑफिसमधले दोन-तीन ईमेल आणि तुम्ही स्वतः लिहिलेला एखादा इंग्रजी अर्ज. पाठ्यपुस्तकातल्या कृत्रिम वाक्यांपेक्षा यांचा उपयोग जास्त होतो, कारण इथे अर्थ चुकला तर पैसे किंवा तारीख चुकते. प्रत्येक ठिकाणी ‘ड्यू’ आणि त्याच्या पुढचे दोन शब्द अधोरेखित करा.

वहीत पाच रकाने आखा: देणे-येणे, अपेक्षित वेळ, पाळी येणे, कारण, योग्य किंवा रीतसर. तुमच्या कागदांवरची जवळजवळ सगळी वाक्यं या पाचांत बसतील.

ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा शिकाऊंसाठीचा कोश जवळ ठेवा. त्यात अर्थाआधी उदाहरणं वाचा. ‘ड्यू’ तिथे विशेषण म्हणून येतो, नाम म्हणून येतो आणि क्वचित क्रियाविशेषण म्हणूनही येतो. ‘ड्यू नॉर्थ’ म्हणजे थेट उत्तरेला. हा शेवटचा वापर नकाशात आणि प्रवासवर्णनात भेटतो, त्याच्यावर याहून जास्त वेळ घालवायला नको.

उच्चाराचंही आत्ताच उरकून घ्या. ब्रिटिश उच्चार ‘ड्यू’ किंवा ‘ज्यू’च्या जवळचा असतो, अमेरिकन माणूस सरळ ‘डू’ म्हणतो. परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलताना ‘डू डेट’ ऐकू आलं तर ती ‘ड्यू डेट’च आहे. स्पेलिंग डी-यू-ई. डी-ई-डब्ल्यू लिहिलंत तर त्याचा अर्थ दव होतो. आणि ‘ड्यूली’ लिहिताना मधला ई गळतो: डी-यू-एल-वाय. ‘ड्यूली फिल्ड फॉर्म’मध्ये ही चूक छापील सूचनांतही दिसते.

तपासा: अधोरेखित केलेली निदान सात-आठ वाक्यं हाताशी आहेत का? नसतील तर बँकेचे जुने एसएमएस चाळा.

## टप्पा २: अर्थ लावण्याआधी शेजार बघा

या टप्प्यात भाषांतर करायचं नाही. फक्त ‘ड्यू’च्या आजूबाजूला काय आहे ते ओळखायचं.

१. पुढे काहीच नाही, किंवा वार, तारीख, वेळ आहे: पैसे द्यायचे आहेत किंवा काहीतरी अपेक्षित आहे.

२. पुढे ‘टू’ आणि क्रियापदाचं मूळ रूप आहे: काहीतरी ठरल्याप्रमाणे होणार आहे.

३. पुढे ‘टू’ आणि नाम आहे: कारण सांगितलंय, किंवा कोणाला तरी काही द्यायचं आहे.

४. पुढे ‘फॉर’ आहे: पाळी आली आहे.

५. पुढे ‘फ्रॉम’ आहे: कोणाकडून तरी यायचं आहे.

६. ‘ड्यू’ स्वतःच नामाच्या आधी बसला आहे: योग्य, पुरेसा, रीतसर. ‘ड्यू डेट’ हा ठरून गेलेला जोडशब्द मात्र याला अपवाद.

यातला दुसरा आणि तिसरा प्रकार एकमेकांत सर्वांत जास्त मिसळतात, कारण इंग्रजीत पुष्कळ शब्द नामही असतात आणि क्रियापदही. ‘द टाइमिंग्ज आर ड्यू टू चेंज’ म्हणजे वेळा बदलणार आहेत. ‘ड्यू टू चेंज इन टाइमिंग्ज’ म्हणजे वेळांतल्या बदलामुळे. शब्द तेच, अर्थ अगदी वेगळे. इथे एक कसोटी नेहमी कामी येते: ‘टू’नंतर ‘द’ किंवा ‘अ’ घालून बघा. ‘ड्यू टू द चेंज इन टाइमिंग्ज’ चालतं, म्हणजे तिथे ‘चेंज’ नाम आहे. ‘टाइमिंग्ज आर ड्यू टू द चेंज’ म्हटलं की वाक्य मोडतं, म्हणजे तिथे ते क्रियापद आहे.

सावध: ‘ड्यू टू’ दिसलं की लगेच ‘मुळे’ लिहायचं नाही. पुढचा शब्द वाचून होईपर्यंत हात थांबवा.

## टप्पा ३: पैशाचा ‘ड्यू’

इथे थोडं थांबून वाचा. या रकान्यातली चूक थेट खिशाला लागते.

पैशाच्या व्यवहारात तीन शब्द शेजारीशेजारी येतात आणि आपण तिघांनाही ‘बाकी’ म्हणून मोकळे होतो. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे एकूण फेडायची राहिलेली रक्कम, तिची वेळ आलेली असो वा नसो. ‘ड्यू’ म्हणजे त्यातला जो भाग आता द्यायचा आहे तो. ‘ओव्हरड्यू’ म्हणजे द्यायची तारीख उलटून गेली तरी न दिलेला भाग. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही ‘ओव्हरड्यू’ची व्याख्या अशीच सरळ आहे: बँकेने ठरवलेल्या तारखेला न भरलेली देय रक्कम.

समजा, घराच्या कर्जाचे २० लाख फेडायचे राहिलेत, महिन्याचा हप्ता १८,००० आहे आणि आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. मग आउटस्टँडिंग २० लाख, या महिन्याचा ड्यू १८,००० आणि ओव्हरड्यू शून्य. बँकेच्या पत्रात ‘आउटस्टँडिंग’ वाचून घाबरू नका. ‘ओव्हरड्यू’ वाचून मात्र त्याच दिवशी शाखेत फोन करा. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त काळ ओव्हरड्यू राहिलं की ते खातं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, ठरतं.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘टोटल अमाउंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ असे दोन आकडे असतात. दोन्हीत ‘ड्यू’ आहे, म्हणून कोणताही एक भरला की देणं फिटलं असा समज होतो. तसं नाही. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर व्याज सुरूच राहतं आणि नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण देणं फेडायचं तर ‘टोटल’चा आकडा भरायचा.

त्याच बिलात ‘पेमेंट ड्यू डेट’ असते आणि हप्ता चुकला तर पुढच्या बिलात ‘पास्ट ड्यू’ उमटतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँक उशिराचा दंड लावू शकते आणि खातं ‘पास्ट ड्यू’ म्हणून क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, कळवू शकते. पण एकदा ते झालं की दिवस मोजले जातात ते मूळ ड्यू डेटपासून. म्हणून त्या तीन दिवसांना मुदतवाढ समजू नका.

विम्यात या शब्दाचा सूर जरा सौम्य असतो. ‘प्रीमियम ड्यू’ म्हणजे हप्त्याची तारीख आली. त्यानंतर आयुर्विम्यात सवलतीची मुदत असते: मासिक हप्त्याला १५ दिवस, वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला साधारण ३०. ती संपल्यावर पॉलिसी बंद पडते. ‘ड्यू’ आणि ‘लॅप्स्ड’ यांच्यात हा अवधी आहे हे माहीत असलं की सूचना वाचून गोंधळ उडत नाही.

आता दिशा. जमाखर्चात आपल्याकडे ‘येणे’ आणि ‘देणे’ हे दोन स्वच्छ शब्द आहेत, आणि इंग्रजी वाक्य सोडवायला तेच सर्वांत चांगलं साधन आहे. ‘ड्यू फ्रॉम कस्टमर्स’ म्हणजे ग्राहकांकडून येणे. ‘ड्यू टू सप्लायर्स’ म्हणजे माल पुरवणाऱ्यांचे देणे. प्राप्तिकराच्या कागदावर ‘रिफंड ड्यू’ दिसलं तर ते पैसे तुम्हाला मिळायचे आहेत, भरायचे नाहीत. ‘ड्यू’ या शब्दातच कर्जाचा वास आहे असं समजणाऱ्यांना हे वाक्य दरवर्षी चकवतं.

रकमेबरोबर लिहिताना ‘अमाउंट ड्यू’ असा क्रम ठेवा. नाम झालेलं रूप ‘ड्यूज’ बहुधा अनेकवचनातच येतं: मेंबरशिप ड्यूज, सोसायटी ड्यूज, नो ड्यूज सर्टिफिकेट. आपल्याकडे त्याला ‘बेबाकी दाखला’ किंवा ‘थकबाकी नसल्याचा दाखला’ म्हणतात. अर्जात ‘नो ड्यू सर्टिफिकेट’ लिहिलं तरी कोणी परत पाठवत नाही, पण नीट लिहायचं तर शेवटचा एस ठेवा.

तपासा: तुमच्या स्टेटमेंटवरचा प्रत्येक ‘ड्यू’ घेऊन तीन प्रश्न विचारा. कोणी द्यायचे? कोणाला? कधीपर्यंत? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर वाक्य अजून समजलेलं नाही.

## टप्पा ४: वेळेचा आणि पाळीचा ‘ड्यू’

‘द ट्रेन इज ड्यू ॲट एट टेन’ म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे गाडी ८:१० ला यायला हवी. ती येईलच असं हे वाक्य सांगत नाही. ‘द रिझल्ट्स आर ड्यू नेक्स्ट वीक’ याचंही तसंच. मराठी करताना ‘येणार आहे’पेक्षा ‘अपेक्षित आहे’ किंवा ‘यायला हवी’ जास्त खरं ठरतं.

गरोदरपणातली ‘ड्यू डेट’ याच अर्थाची आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून डॉक्टर ती काढतात. घरातले लोक मात्र ती ठरलेली तारीख समजतात आणि दिवस उलटला की काळजीत पडतात. प्रसूती ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान कधीही होऊ शकते. बिलाची ड्यू डेट ही शेवटची मुदत असते, बाळाची ड्यू डेट हा अंदाज असतो. शब्द एकच असला तरी हा फरक घरच्यांना आधीच समजावून सांगा, आणि तारखेनंतर काय करायचं ते डॉक्टरांकडून ऐकून ठेवा.

‘ड्यू फॉर’मध्ये पाळी येण्याचा अर्थ आहे. ‘द कार इज ड्यू फॉर सर्व्हिस’, ‘शी इज ड्यू फॉर प्रमोशन’. दुसऱ्या वाक्यात बढती मंजूर झाल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. नियमाने किंवा काळाने तिची पाळी आली आहे, एवढंच. लसीकरणाच्या सत्रासाठी आशाताई जी ‘ड्यू लिस्ट’ करतात तीही याच अर्थाची: या वेळी कोणाला कोणता डोस द्यायचा आहे त्यांची यादी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, म्हणजे त्या वयाचं बाळ यादीत येणारच. यादीत नाव आलं म्हणजे आपण डोस चुकवला असं समजून आई संकोचते, तेव्हा हा अर्थ तिला सांगायलाच हवा.

सावध: ‘ड्यू ऑन फ्रायडे’, ‘ड्यू बाय फ्रायडे’ बरोबर. ‘ड्यू टिल फ्रायडे’ चूक. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत’ दोन्हीकडे चालतं, म्हणून ही चूक आपल्याच भाषेतून येते. काम शुक्रवारपर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’, शुक्रवारपर्यंत कधीतरी द्यायचं असेल तर ‘बाय’. ‘ड्यू’बरोबर पहिला प्रकार येतच नाही.

## टप्पा ५: कारणाचा ‘ड्यू टू’

सर्वांत जास्त लिहिला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा प्रकार हाच. सुदैवाने मराठी माणसाकडे यासाठी तयार कसोटी आहे, आणि ती इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

पायरी एक: वाक्य आधी मराठीत म्हणा. पायरी दोन: ‘मुळे’ कशाला चिकटलं ते बघा. ते साध्या नामाला चिकटलं असेल, म्हणजे ‘पावसामुळे’, ‘तापामुळे’, ‘संपामुळे’, तर इंग्रजीत ‘ड्यू टू’ चालेल: ‘ड्यू टू रेन’, ‘ड्यू टू फीव्हर’, ‘ड्यू टू द स्ट्राइक’. ते क्रियापदाला चिकटलं असेल, म्हणजे ‘पाऊस पडल्यामुळे’, ‘मला ताप असल्यामुळे’, ‘बस न आल्यामुळे’, तर ‘ड्यू टू’ सोडून द्या आणि ‘बिकॉज’ घ्या: ‘बिकॉज इट रेन्ड’, ‘बिकॉज आय हॅड अ फीव्हर’, ‘बिकॉज द बस डिड नॉट कम’.

मराठीत दोन्ही ठिकाणी ‘मुळे’च असल्याने आपण दोन्हीकडे ‘ड्यू टू’ लावतो. ‘ड्यू टू आय वॉज इल’ तिथूनच जन्माला येतं. ‘ड्यू टू’च्या पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य बसत नाही. या एका कसोटीने अर्जांतल्या बहुतेक चुका जातात, म्हणून ती अंगवळणी पडेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

काही जण मधला मार्ग काढतात: ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट आय वॉज इल’. हे व्याकरणात बसतं, पण पाच शब्दांचं काम ‘बिकॉज’ एकटा करतो. मला विचाराल तर हे शब्दजाल अर्जातून सरळ काढून टाका.

दुसरी चूक दुहेरी कारणाची. ‘द रीझन फॉर द डिले इज ड्यू टू ट्रॅफिक.’ मराठीतही आपण ‘उशिराचं कारण वाहतुकीमुळे’ असं कधीकधी बोलून जातो आणि तेही चूकच आहे. ‘द रीझन फॉर द डिले इज ट्रॅफिक’ किंवा ‘द डिले इज ड्यू टू ट्रॅफिक’, दोन्हींतलं एक निवडा.

तिसरी गोष्ट चुकीची नाही, वादाची आहे. जुन्या शिस्तीचे व्याकरणकार म्हणतात की ‘ड्यू’ विशेषण आहे, तेव्हा त्याने नामाविषयीच सांगावं. त्यांच्या मते ‘द डिले वॉज ड्यू टू फॉग’ बरोबर, कारण इथे ‘डिले’ या नामाचं कारण सांगितलंय. ‘द ट्रेन वॉज डिलेड ड्यू टू फॉग’ मात्र त्यांना खटकतं, तिथे ते ‘बिकॉज ऑफ’ मागतात. आजच्या इंग्रजीत दुसरं वाक्य सर्रास लिहिलं जातं आणि कोशांनीही ते स्वीकारलं आहे. तरी औपचारिक लेखनात जुना नियम पाळलेला बरा, त्यावर कोणीच हरकत घेत नाही. कसोटी सोपी: ‘ड्यू टू’च्या जागी ‘कॉज्ड बाय’ घालून वाचा. वाक्य नीट उभं राहिलं तर ‘ड्यू टू’ ठेवा, अडखळलं तर ‘बिकॉज ऑफ’ लिहा.

तपासा: ‘ड्यू टू’नंतरच्या तुकड्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही आहेत का? असतील तर वाक्य परत लिहा.

सावध: प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘माय थँक्स आर ड्यू टू…’ येतं. तिथे ‘मुळे’ नाही. ज्यांचे आभार मानायला हवेत त्यांचं नाव पुढे येतं.

## टप्पा ६: नामाआधीचा ‘ड्यू’

‘ड्यू केअर’ म्हणजे योग्य ती काळजी, ‘ड्यू कन्सिडरेशन’ म्हणजे पुरेसा विचार, ‘ड्यू नोटीस’ म्हणजे रीतसर सूचना. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी आदर्श उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते. तशी दिली असेल तर ती ‘ड्यू नोटीस’. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप सूचना असेल, पण ‘ड्यू’ नव्हे.

घर घेताना वकील मालकीहक्काचे जुने कागद तपासतात, त्याला ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणतात. इथे देण्याघेण्याचा संबंध नाही. व्यवहाराआधी जेवढी खबरदारी घ्यायला हवी तेवढी घेतली, असा अर्थ. उलट रूप ‘अनड्यू’ म्हणजे अवाजवी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ मधला ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’ म्हणजे एकाने दुसऱ्यावरच्या आपल्या वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन करार करून घेणं. ‘न भरलेला’ या अर्थी ‘अनड्यू’ कधीही लिहू नका.

‘इन ड्यू कोर्स’ला आपला ‘यथावकाश’ अगदी नेमका बसतो. कचेरीच्या उत्तरात हे शब्द असतील तर त्यात तारखेचं आश्वासन नाही हे लक्षात घ्या आणि तारीख विचारणारं दुसरं पत्र पाठवा.

सावध: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट…’ अशी अर्जाची सुरुवात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. आजच्या इंग्रजीत ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ ऐकलं की समोरचा माणूस पुढे विरोध येणार असं समजतो, ‘तुमचा मान ठेवून सांगतो, पण तुमचं चुकतंय’ या सुराने. रजा मागताना हा सूर नको. मतभेद मांडायचा असेल तेव्हाच वापरा.

## टप्पा ७: स्वतः लिहिताना

आता उलट क्रमाने जायचं. आधी मनातला मराठी शब्द पकडा: देणे, येणे, अपेक्षित, होणार, पाळी, मुळे, रीतसर. त्यावरून टप्पा २ मधली रचना निवडा. मग काळ तपासा, कारण शेवटची मोठी चूक काळाची असते.

पैशाच्या आठवणीचं पत्र घ्या. मनात असतं ‘तुमचे पैसे ५ मार्चपासून बाकी आहेत’ आणि हात लिहून जातो ‘युअर पेमेंट इज ड्यू सिन्स फिफ्थ मार्च’. ‘सिन्स’बरोबर ‘इज’ बसत नाही. शिवाय तारीख उलटलेली असल्याने नुसता ‘ड्यू’ मवाळही पडतो. असं लिहा: ‘युअर पेमेंट वॉज ड्यू ऑन फिफ्थ मार्च अँड इज नाउ टेन डेज ओव्हरड्यू.’ पहिल्या अर्ध्या भागात ठरलेली तारीख, दुसऱ्यात झालेला उशीर. ग्राहकाला वाद घालायला जागा उरत नाही.

पुढच्या बिलापासून तळाला एक ओळ छापून घ्या: ‘पेमेंट इज ड्यू विदिन थर्टी डेज ऑफ द इन्व्हॉइस डेट.’ नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग चालवणाऱ्यांनी एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ चं कलम १५ वाचून ठेवावं: खरेदीदाराशी लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. ड्यू डेट लिहिलेली नसेल तर उशीर कधीपासून मोजायचा यावरच भांडण होतं, आणि त्यात लहान व्यावसायिक दमतो.

आता रजेचा अर्ज.

आधीचा: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट ड्यू टू आय वॉज हॅविंग फीव्हर आय कुड नॉट अटेंड ऑफिस येस्टरडे.’

सुधारलेला: ‘आय कुड नॉट अटेंड ऑफिस येस्टरडे बिकॉज आय हॅड अ फीव्हर.’

‘ड्यू’ ठेवायचाच असेल तर: ‘माय ॲब्सेन्स येस्टरडे वॉज ड्यू टू फीव्हर.’ बरोबर आहे, पण जरा ताठर. मी पहिलाच पाठवायला सांगेन.

तपासा: पाठवण्याआधी पत्र मोठ्याने वाचा. ‘ड्यू’ दोनदा आला असेल तर त्यातला एक बहुधा अनावश्यक आहे.

## टप्पा ८: सराव

खालची वाक्यं वहीतल्या योग्य रकान्यात टाका. आधी शेजार ओळखा, मगच मराठी करा.

१. द लायब्ररी बुक्स आर ड्यू बॅक ऑन मंडे.
२. द रोड इज क्लोज्ड ड्यू टू रिपेअर्स.
३. द रोड इज ड्यू टू रीओपन इन मे.
४. सिक्स थाउजंड रुपीज इज ड्यू टू द कॉन्ट्रॅक्टर.
५. द लिफ्ट इज ड्यू फॉर इन्स्पेक्शन.
६. द फॉर्म वॉज रिजेक्टेड आफ्टर ड्यू कन्सिडरेशन.

उत्तरं: पहिलं अपेक्षित वेळेचं, पुस्तकं सोमवारी परत करायची आहेत. दुसरं कारणाचं, दुरुस्तीमुळे रस्ता बंद आहे. जुन्या शिस्तीचा परीक्षक इथे ‘बिकॉज ऑफ’ मागेल. तिसरं वेळेचं, रस्ता मे महिन्यात पुन्हा सुरू होणार आहे. चौथं देण्याचं, कंत्राटदाराला सहा हजार द्यायचे आहेत. पाचवं पाळीचं, लिफ्टच्या तपासणीची वेळ आली आहे. सहावं ‘रीतसर’च्या रकान्यातलं, पुरेसा विचार करून अर्ज नाकारला.

चौथं वाक्य ‘कंत्राटदारामुळे’ असं झालं असेल तर टप्पा २ आणि ३ पुन्हा वाचा. तिसरं चुकलं असेल तर ‘द’ घालून बघायची कसोटी तुमच्या स्वतःच्या कागदांवरच्या प्रत्येक ‘ड्यू टू’ला लावा. सगळी बरोबर आली असतील तर आता पहिल्या टप्प्यात बाजूला ठेवलेला तुमचाच जुना अर्ज काढा आणि लाल पेनने तपासा.